नऊ दिवसांच्या नोंदी

गाडीच्या काचेवर पहिलं दहिवर गोठलं की आमच्या इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या लायब्ररीत एक पत्रक येऊन पडतं. लाल-हिरवं, गुळगुळीत, वर लोकरीची टोपी घातलेला रॉबिन पक्षी. इथून गाडीने तासाभरावर एक जुनं गाव आहे. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण जे झालं त्यात गावाचा काही दोष नाही. नदी, दगडी पूल, मधोमध नऊशे वर्षांचं ॲबी, म्हणजे एके काळी मठ असलेलं भलंथोरलं चर्च, आणि एकमेकांच्या खांद्यावर रेललेली काळ्या लाकडांची घरं. उन्हाळ्यात तिथं माणसं आपोआप येतात. हिवाळ्यात कुत्रं फिरकत नाही, म्हणून गावानं हे पत्रक काढलंय. हिवाळ्यात पाहुण्यांनी कराव्यात अशा बारा गोष्टी. प्रत्येक गोष्टीपुढे एक छोटा चौकोन, टिक करायला.

यंदाही ते आलं. मी बघून न बघितल्यासारखं करून पुस्तकं परत देत होते, तर काउंटरवरच्या बाईंनी प्रेमानं एक उचलून माझ्या पिशवीत घातलं. घरी येऊन ते मी फ्रिजवर लावलं नाही, फेकलंही नाही. चहाच्या डब्याखाली ठेवलं. गेल्या वर्षीचं पत्रक तिथं आधीपासून आहेच. त्यात बारापैकी अकरा चौकोनांत माझ्या वडिलांच्या अक्षरात टिक आहे, आणि शेजारी वेळ लिहिलेली आहे.

इथला हिवाळा मला सतरा वर्षांत एकदाही आवडला नाही. धड बर्फ पडत नाही की धड ऊन पडत नाही. सकाळी आठला उजेड घाबरत घाबरत येतो आणि दुपारी चारला गाशा गुंडाळतो. ऑफिसात सगळे एकमेकांना ‘ख्रिसमसला काय करणार’ विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत कॉफीचा मग घेऊन निघून जातात. नागपूरचा हिवाळा म्हणजे गच्चीत उन्हाला पाठ देऊन संत्री सोलायची, साली परातीत आणि बिया भावंडांच्या अंगावर. तो आठवला की इथल्याचा आणखी राग येतो. माझा नवरा मिलिंद म्हणतो, तुला हवामानाशीसुद्धा भांडायचं असतं. खरंय. मी हवामानवाल्याची मुलगी आहे.

बाबा नागपूरच्या वेधशाळेत निरीक्षक होते. चौतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला जाळीच्या त्या पांढऱ्या पेटीचं दार उघडून पारा वाचायचा आणि वहीत लिहायचा, ही त्यांची नोकरी. बाहेर दंगल असो, लग्न असो, अंगात ताप असो. वाचताना श्वास रोखून धरायचा, नाहीतर आपल्याच तोंडाची वाफ लागून आकडा चढतो. वाचल्याबरोबर लिहायचं, चहा पिऊन नाही. लिहिलेलं खोडायचं नाही. घरीही त्यांची एक खासगी वही असे. त्यात तापमान, आकाश, वारा, आणि शेवटी एका ओळीत दिवसाचा मजकूर. मी नऊ वर्षांची असताना ते दौऱ्यावर गेले आणि आठवडाभर बाल्कनीतला पारा वाचायचं काम मला देऊन गेले. एका सकाळी मी झोपून राहिले आणि उठल्यावर कालच्यातून एक वजा करून ठोकून दिला. परत आल्यावर बाबांनी ती रांग पाहिली आणि त्या एकाच आकड्यावर बोट ठेवलं. कसं कळलं कोण जाणे. ओरडले नाहीत. म्हणाले, “चुकली तर ‘नोंद नाही’ असं लिही. जागा रिकामी राहिली तर चालते, सुजाता. खोटा आकडा चालत नाही. त्याच्यावर पुढचा माणूस विसंबतो.”

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात ते दोन महिन्यांसाठी आले. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मधल्या काळात त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते. नागपुरात घर सांभाळायला त्यांच्यासोबत बाई होती, त्यांची मोठी बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणायची पद्धत, त्यामुळे आम्ही पोरंही तिला बाईच म्हणायचो. आठ वर्षांची असल्यापासून तिनं या भावाला कडेवर वाढवलं. पुढे संत्र्यांच्या पेट्या भरायच्या कामावर जाऊन त्याला शिकवलं, आणि विधवा होऊन परत आल्यावर त्याच्याच घराचा कारभार हाती घेतला. निघताना तिनं बाबांच्या गळ्यात स्वतः विणलेला तपकिरी मफलर घातला, बॅगेत संत्रा बर्फीचे दोन डबे कोंबले आणि म्हणाली, “जा, पोरीचं घर बघून ये. मी कुठं पळून जात नाही.”

बाबांनी आल्या आल्या आधी कॅमडेनचं ते घर पाहिलं, राज्यघटनेचे शिल्पकार विद्यार्थी असताना राहिले ते. आमच्या घरातून इंग्लंडला येणारा प्रत्येक जण लंडनमध्ये पहिल्यांदा तिथं जातो. पायऱ्यांवर चप्पल काढायला निघाले, कसंबसं आवरलं त्यांना. बाकीच्या लंडनशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. मग लायब्ररीत त्यांच्या हाती ते पत्रक पडलं. बारा गोष्टी, बारा चौकोन. निवृत्त सरकारी निरीक्षकाला याहून गोड काय मिळणार? “हे सगळं पूर्ण करूनच जातो,” ते म्हणाले. माझी मुलगी मिहिका तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला आजोबा म्हणजे इंटरनेटवर सापडलेली गमतीदार वस्तू वाटत असावेत. तिनं लगेच पत्रक फ्रिजवर लावलं.

पहिले तीन चौकोन मजेत भरले. नदीकाठचा हिवाळी फेरफटका, लाकडी टपऱ्यांचा बाजार, जुन्या गिरणीतलं म्युझियम. बाजारात बाबांनी गरम मसालेदार सफरचंदाचा रस प्यायला आणि सांगितलं की काढ्यात साखर जास्त झालीय. रोज दुपारी बारा वाजता ते जिथं असतील तिथं थांबून बाईला फोन लावत. नागपुरात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. आधी तापमान सांगत. मग बाई विचारी, मफलर घातलास का. मग ते फोन उलटा धरून तिला ॲबी दाखवत आणि ती म्हणे, “एवढ्या थंडीत दगड बघायला गेलास?”

परतीला नऊ दिवस उरले असताना, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. प्रकाशदादा, बाईचा मुलगा. बाई सकाळी अंघोळ करून बाहेर आली, पाटावर बसली आणि बसल्या जागी गेली. दादा रडत नव्हता. त्याच्या डोक्यात पुढची कामं होती. “संध्याकाळी साडेचारला नेतोय. मामाला सांगू नकोस. मामाचं हार्ट बघ. तसंही त्याला पोचता येणार नाही. इथं आला की मी नीट बसवून सांगतो.”

आमच्यात हे असंच करतात. परगावी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला मरणाची बातमी देत नाहीत. ‘तब्येत जरा बरी नाही’ म्हणून घरी बोलावतात, दारात चपलांचा ढीग दिसला की त्याचं त्याला कळतं. माझ्या आजोळी असं झालेलं मी लहानपणी पाहिलंय. कोणाला यात काही वावगं वाटत नाही. उलट हिला माणसं सांभाळता येतात, असं म्हणतात. मी मिलिंदला उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, “दादा म्हणतोय ते बरोबर आहे. बाबांना आत्ता नको सांगायला.” सात वाजायला दहा कमी असताना मी बाबांना चहा दिला. त्यांनी विचारलं, एवढ्या सकाळी कोणाचा फोन? मी म्हटलं, ऑफिसचा, इंडिया टीम.

मिहिकाला सांगावं लागलं, कारण तिनं मला बाथरूममध्ये रडताना पाहिलं. ती दारात उभी राहून म्हणाली, “मम, आजोबाला माहीत पाहिजे. बाईआजी त्याची सिस्टर होती. You can’t just decide.”

“त्यांना त्रास होईल, बेटा.”

“ऑफ कोर्स होईल! सिस्टर गेली ना त्याची.”

मी तिला गप्प केलं. तुला कळत नाही, म्हणाले. हे वाक्य माझी आई मला म्हणायची तेव्हा मी दार आपटून जायची. मिहिकानं दार आपटलं नाही. तिनं ते अगदी हळू लावून घेतलं.

त्या दिवशी चौथा चौकोन होता, ॲबीचा टॉवर. तिकिटं अकराची. घरी थांबलो असतो तर बाबांनी फोनजवळच बसकण मारली असती, म्हणून आम्ही निघालो. ज्या हृदयाला बातमी झेपणार नाही म्हणून एवढा खटाटोप चालला होता, त्याच हृदयाला मी त्या सकाळी एकशे एकोणऐंशी दगडी पायऱ्या चढवल्या. गोल गोल, दोरी धरून, मध्ये कुठं बसायला जागा नाही. हे माझ्या लक्षात यायला वर पोचावं लागलं. बाबा धापा टाकत होते आणि हसत होते.

वर स्वच्छ ऊन होतं, बोचरं. खाली छपरं पांढरी, नदीवर वाफ, आणि ॲबीसमोरच्या स्केटिंगच्या बर्फाळ रिंकवर लहान मुलं प्लास्टिकच्या पेंग्विनला धरून घसरत होती. बाबांनी खिशातून त्यांचा चामडी डबीतला पारा काढला, कठड्याच्या सावलीत धरला आणि मिहिकाला म्हणाले, “श्वास धर.” दोघांनी श्वास धरला. माझ्या खिशात फोन थरथरला. दादाचा मेसेज होता, ‘निघालो’. तेवढाच. तिथं बाईला चार खांदे लागले होते आणि इथं तिचा भाऊ गाल फुगवून पाऱ्याकडे बघत होता.

“उणे एक,” बाबा म्हणाले. “सुजाता, फोटो काढ. मफलर दिसला पाहिजे, बाईला पाठवायचाय.”

मी काढला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. वर वेळ आहे, अकरा वाजून चौदा मिनिटं. माझ्या वडिलांचा इतका चांगला फोटो त्याआधी कोणी काढला नव्हता.

बारा वाजता ते थांबले. मी म्हटलं, आज इथलं नेटवर्क गेलंय. दुसऱ्या दिवशी बाईचा मोबाईल बिघडला. तिसऱ्या दिवशी दादा तिला घेऊन भंडाऱ्याला नातेवाइकांकडे गेला. चौथ्या दिवशी ती झोपली होती. मी ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चुका शोधायचं काम करते. खोटं बोलायचं तर ते सगळीकडे सारखं लागतं, हे मला कामामुळे ठाऊक आहे. मी दादाला रोज कळवत होते की आज मी काय सांगितलं, म्हणजे त्यानंही तेच सांगावं. मिलिंद बाबांचा फोन ‘चार्जिंगला’ लावायचा. किती सफाईनं करत होतो आम्ही. कोणाला दाखवलं असतं तर कौतुक झालं असतं.

आणि रोज एक, कधी दोन चौकोन. होली नावाच्या काटेरी झुडपाच्या आणि पाइनच्या फांद्यांचं तोरण विणायचा वर्ग. जुन्या कैदखान्याची सहल. संधिप्रकाशात भुतांच्या गोष्टी सांगत फिरवणारा काळ्या डगल्यातला माणूस, जो बाबांना म्हणाला की या गल्लीत एक बाई शतकानुशतकं भावाची वाट पाहते. त्याचे इंग्रजी उच्चार बाबांना लागले नाहीत आणि मिहिकाला मी भाषांतर करू दिलं नाही. रोज निघायच्या घाईत बाबांना प्रश्न विचारायला वेळ उरू नये, एवढंच माझं बघणं होतं. पाहुण्याला इतकं फिरवलं की त्याला थकून झोप लागते. बाबा रात्री जेवताना म्हणायचे, “किती करतेस गं माझ्यासाठी. सुट्टी घेऊन.” मी त्यांच्या ताटात आणखी भात वाढायची.

सातव्या दिवशी नागपुरात बाईचं पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्या बौद्ध घरांतला श्रद्धांजलीचा विधी, झालं. तिकीट बदललं असतं तर बाबा त्याला आरामात पोचले असते. अंत्यसंस्काराला पोचता येणार नाही, हे खरं होतं. पण त्या एका खऱ्याच्या आडोशाला आम्ही बाकीचं सगळं लपवलं. फोटोत सगळे पांढऱ्या कपड्यांत, बाईच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या, आणि पुढच्या रांगेत एक रिकामी खुर्ची. ती कोणासाठी ठेवली होती ते दादानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्याच दिवशी आम्ही अकरावा चौकोन केला. ॲबीत एका कोपऱ्यात लोखंडी तबक आहे, वाळू भरलेलं. हिवाळ्यात पाहुण्यांनी तिथं येऊन आपल्या गेलेल्या माणसासाठी मेणबत्ती लावावी, असं पत्रकात लिहिलं होतं. आत थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त होती, ओल्या दगडाची. बाबांनी बूट काढायचे का, विचारलं. मग आईसाठी एक मेणबत्ती लावली, हात जोडले, ओठांतल्या ओठांत वंदना म्हटली. नंतर दुसरी मेणबत्ती हातात घेऊन ते माझ्याकडे वळले.

“ही फक्त गेलेल्यांसाठी ना?”

“हो, बाबा.”

“मग बाईसाठी नको,” ते म्हणाले आणि ती परत खोक्यात ठेवली. नीट, दुसऱ्या मेणबत्त्यांच्या रांगेत. “तिच्या नावानं कशाला? ती आहे अजून.”

मी खांबाला हात लावून उभी राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. त्या क्षणी मला त्यांच्या हृदयाची काळजी नव्हती, हे आता कबूल करते. मला माझी भीती वाटत होती. सात दिवस झाले होते. आता सांगितलं तर ते पहिली गोष्ट कोणती विचारतील, ते मला माहीत होतं.

मिहिका मागून पुढे आली. तिनं तीच मेणबत्ती उचलली, पेटवली आणि तबकाच्या अगदी टोकाला रोवली. बाबांनी विचारलं, “ही कोणाची गं?” ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माझ्या फ्रेंडचा डॉग गेला, आजोबा.” बाबांनी त्या कुत्र्यासाठीही हात जोडले.  खोटं न बोलणारी माझी मुलगी माझ्यासाठी खोटं बोलली होती, आणि मला तिचे आभारसुद्धा मानता येईनात.

बारावा चौकोन रिंकचा होता. तो राहिला. बाबा म्हणाले, “पुढच्या वर्षी. बाईलाच घेऊन येतो.”

विमानतळावर त्यांनी मिहिकाला त्यांचा पारा देऊन टाकला. नागपुरात विमानतळावरून घरी जाताना दादानं गाडीतच सांगितलं. हृदयाला काही झालं नाही. स्टेंट जागच्या जागी राहिले. ते घरी गेले, बाईच्या पाटासमोर बसले, आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, असं दादा म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“तुला किती वाजता कळलं?”

“सहा वीसला, बाबा.”

“तिथले?”

“इथले.”

पान उलटल्याचा आवाज आला. “सहा पन्नासला तू मला चहा दिलास. अकरा चौदाला मी टॉवरवर. लिहिलंय मी. उणे एक, आकाश निरभ्र, वारा मंद, मन प्रसन्न.” ते थांबले. “तिला नेत होते तेव्हा माझं मन प्रसन्न होतं, सुजाता. माझ्याच अक्षरात आहे.”

मी म्हटलं, तुमच्या तब्येतीसाठी केलं. दादा म्हणाला. मिलिंदही म्हणाला. रडलेही असेन. ते ऐकून घेत राहिले. मग अगदी सरकारी आवाजात म्हणाले, “खोडता तर येत नाही. नऊ दिवसांपुढं प्रश्नचिन्ह टाकलंय. नोंद संशयास्पद असली की टाकतात तसं.”

त्यानंतर त्यांनी रागावून माझ्याशी बोलणंच बंद केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. फोन रोज येतो. मी म्हणते, आम्ही सगळे ठीक आहोत. ते म्हणतात, बरं, आणि लगेच म्हणतात, “मिहिकाला दे.” मग तिला तेच विचारतात. घरी सगळे ठीक आहेत का? मम कशी आहे? डॅड? ती ‘येस, आजोबा’ म्हणाली की मग त्यांचा विश्वास बसतो. वर्षभर हे असं चाललंय. माझ्या शब्दाला माझ्या वडिलांच्या घरी किंमत उरलेली नाही, एवढी साधी गोष्ट आहे. दिवाळीत मला नुसती सर्दी झाली होती, तेव्हाही त्यांनी मिहिकाला तीनदा विचारलं, “नक्की सर्दीच ना?”

यंदा नोव्हेंबरात मला अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ लागली. हरभऱ्याएवढी. मग डॉक्टर, स्कॅन, सुई. त्या तपासणीचा निकाल फोनवर सांगू म्हणाले, अमुक दिवशी दहा ते बाराच्या दरम्यान. मिलिंदनं त्या दिवशी सुट्टी काढायची म्हटलं, मी नको म्हटलं. आदल्या संध्याकाळी तो भांडी पुसता पुसता म्हणाला, “काही निघालं तरी बाबांना आत्ता नको सांगायला. त्यांचं वय बघ.” त्याला आठवलंही नसेल की हेच वाक्य तो कधी बोलला होता. माझ्या हातातला कप सिंकमध्ये पडला. फुटला नाही.

सकाळी काचेवर पांढरं दहिवर होतं. घरात बसून फोनकडे बघणं मला जमेना. मिहिकाला कॉलेजला सुट्टी लागली होती. तिनं चहाच्या डब्याखालचं गेल्या वर्षीचं पत्रक काढलं आणि म्हणाली, “चल. एक बॉक्स राहिला आहे.” मी गाडी काढली.

गाव तसंच होतं. तेच दिवे, तेच काळे दगड, टपऱ्यांवर तोच दालचिनीचा वास, वासामागे तोच ओल्या लाकडाचा कुबट दर्प. भुतांची सहल यंदाही होती. रिंकवर मुलं पेंग्विनला धरून घसरत होती आणि लाउडस्पीकरवरचं गाणं मध्येच अडकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं. मिहिकानं स्केट्स घेतले. मला म्हणाली, “तू बस, मी आहे इथे.” मी ॲबीच्या भिंतीलगतच्या बाकावर बसले. टॉवरच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ नातवाचा हात धरून उभे होते. चढू नका म्हणावंसं वाटलं. तो बाक बर्फासारखा गार होता आणि मला उठायचं भान नव्हतं.

दहा वाजून बावीस मिनिटांनी फोन आला. नर्सचा आवाज फार मऊ होता. आधी माझं नाव, जन्मतारीख. मग तिनं विचारलं, तुमच्यासोबत कोणी आहे का? पुढचं मी ऐकलं, पण कळायचं ते तेवढ्यातच कळलं होतं.

मिहिका रिंकच्या कठड्याला धरून माझ्याकडेच बघत होती. मी नुसती मान हलवली. ती स्केट्स न काढताच रबरी चटईवरून लटपटत आली आणि माझ्याजवळ बसली. पारा वाचताना धरतात तसा आम्ही दोघींनी श्वास धरला. मग तिनं विचारलं, “आजोबाला?”

त्यांना आत्ता नको सांगायला, ट्रीटमेंट सुरू झाली की बघू, आधी पुढचे रिपोर्ट येऊ देत. ही सगळी वाक्यं माझ्या डोक्यात आपोआप रांगेत येऊन उभी राहिली. किती शहाणी, किती मायेची वाक्यं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन स्टेंट, घरात एकटा. त्यांना सांगून त्यांच्या हातात काय येणार होतं? तिथं बसून ते काय करणार होते? तरीही मी हातमोजा काढून त्यांना फोन लावला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

“हां, बोल.” नागपुरात दुपारचे चार वाजले होते. मागे कुकरची शिटी झाली.

“बाबा, मला एक गाठ आली होती. तुम्हाला बोलले नव्हते. तपासायला दिली होती.” माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. “रिझल्ट आला. चांगला नाहीये. कॅन्सर आहे.”

पलीकडे कुकरची आणखी एक शिटी झाली. मग कोणीतरी, बहुतेक त्यांनीच, गॅस बंद केला.

“किती वाजता कळलं?”

“दहा बावीसला.”

“आत्ता किती वाजलेत?”

मी फोन कानापासून दूर धरून पाहिलं. “दहा एकतीस.”

 त्यांचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा. मला वाटलं, आता म्हणतील. वर्षभर म्हणतात तसं. मी फोन मिहिकाकडे द्यायला हात पुढेही केला, तिनंही घेण्यासाठी हातमोजा काढला.

“मिहिकाला नको,” बाबा म्हणाले. “तूच बोल. थांब, वही घेतो.”

कपाटाचं दार वाजलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग पेनाचं टोपण.

“हं,” ते म्हणाले. “सांग आता. पहिल्यापासून सांग.”